कचऱ्याचा दंड आणि जंगलाचा पहारा

जंगलात कचरा टाकणाऱ्याकडून जबर दंड वसूल करावा आणि त्या पैशातून वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा खर्च भागवावा, ही सूचना ऐकताक्षणीच पटण्यासारखी आहे. ज्याने घाण केली त्याच्याच पैशाने राखणदार ठेवायचा, यात वावगे ते काय? सहलीहून परतताना बसमध्ये, वर्गातील चर्चेत, वर्तमानपत्रांतील वाचकांच्या पत्रांत ही कल्पना वारंवार पुढे येते. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एखादी गोष्ट केवळ पटते म्हणून स्वीकारू नये. ती मोजून, तपासून पाहावी. ही सूचना तपासायची तर थोडे प्राणिशास्त्र, थोडा कायदा आणि बऱ्यापैकी गणित लागते. तिन्ही गोष्टी शाळेतील विद्यार्थ्याच्या आवाक्यातल्या आहेत. तेव्हा आपण क्रमाने पुढे जाऊ.

एका पिशवीने काय बिघडते?

फेब्रुवारी २०२४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाच्या बफर क्षेत्रातील, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतालच्या पट्ट्यातील, एक चित्रफीत देशभर पाहिली गेली. रामदेगी भागातील पाणवठ्यावर एक तरुण वाघ पाण्यात पडलेली प्लॅस्टिकची बाटली तोंडात धरून बाहेर घेऊन जाताना तीत दिसतो. पाहणाऱ्यांना त्याचे कौतुक वाटले. वाघाने सफाई केली, असेही काहींनी म्हटले. वाघाला सफाईची कल्पना असण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने ती एक अनोळखी वस्तू होती आणि ती त्याने तोंडात धरली. नेमकी हीच धोक्याची बाब आहे.

हरीण, सांबर, गवा हे रवंथ करणारे प्राणी आहेत. त्यांच्या जठराला चार कप्पे असतात. गिळलेला चारा पहिल्या दोन कप्प्यांत भिजतो, पुन्हा तोंडात येऊन चघळला जातो आणि पुरेसा बारीक झाला म्हणजेच तिसऱ्या कप्प्यात जातो. प्लॅस्टिकची पिशवी कितीही चघळली तरी तिचा चोथा होत नाही. त्यामुळे ती पुढे सरकत नाही आणि मागेही येत नाही. एकीला दुसरी, दुसरीला तिसरी अशी गुंतत जाऊन पोटात गोळा होतो. प्राण्याला पोट भरल्यासारखे वाटते; तो खाणे कमी करतो आणि खंगत जातो. जपानमधील नारा येथील उद्यानात माणसाळलेली हरणे आहेत. तेथे २०१९ साली मरण पावलेल्या १४ हरणांपैकी ९ हरणांच्या पोटात प्लॅस्टिक सापडले. एका हरणाच्या पोटातील गोळ्याचे वजन ४.३ किलोग्रॅम होते. पिशवीला लागलेला खाऊचा खारट वास हरणांना तिच्याकडे ओढून नेतो.

काचेची गोष्ट वेगळी. हत्तीचा पाय खांबासारखा भक्कम दिसतो, पण त्याच्या तळव्यात चरबीची मऊ गादी असते. एवढे प्रचंड वजन पेलण्यासाठी ती आवश्यकच आहे. फुटलेल्या बाटलीची काच या गादीत रुतली की जखम चिघळते. पाय जमिनीवर न टेकता हत्तीला राहता येत नाही. म्हणून ती बरी होणेही कठीण.

तिसरा परिणाम आडवळणाने होतो. मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याच्या कडेने दाट वस्ती आहे. उघड्यावरच्या उष्ट्या-खरकट्यावर भटकी कुत्री आणि डुकरे पोसली जातात. कुत्र्यांच्या मागावर बिबट्या वस्तीच्या कडेला येतो. मग माणूस आणि बिबट्या समोरासमोर येतात आणि दोघांपैकी एकाला इजा होते. येथे बिबट्याने कचरा खाल्लेला नाही, तरी कचऱ्याची झळ त्याला पोचली.

आता थोडे पदार्थविज्ञान पाहू. एक साधी पिशवी घ्या : लांबी ४० सेंटिमीटर, रुंदी ३० सेंटिमीटर, जाडी ५० मायक्रॉन. तिला दोन पदर असतात, म्हणजे एकूण क्षेत्रफळ २,४०० चौरस सेंटिमीटर. जाडी ०.००५ सेंटिमीटर धरली तर घनफळ १२ घनसेंटिमीटर आणि वजन सुमारे ११ ग्रॅम भरते. आज ती उचलायला एका माणसाला दोन सेकंद पुरतात. पण ती तशीच पडून राहिली, तर सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण तिच्या लांबलचक रेणूंचे बंध तोडू लागतात. पिशवी ठिसूळ होते आणि तिचे तुकडे पडतात. हे तुकडे एक चौरस मिलिमीटरचे झाले की त्यांची संख्या होते २,४०,०००. वजन जवळपास तेवढेच, पण आता ती पिशवी जगातील कोणत्याही सफाई कामगाराला उचलता येणार नाही. शिवाय पॉलिथीनची घनता पाण्यापेक्षा कमी असल्याने हे तुकडे तरंगत ओढ्यानाल्यांतून दूरवर जातात. कचरा न होऊ देणे हे कचरा उचलण्यापेक्षा किती स्वस्त आहे, ते यावरून ध्यानात येईल.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला. त्याच्या २७ व्या कलमात अभयारण्यात प्राण्यांना छेडू नये आणि तेथील जमिनीवर कचरा टाकू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. राष्ट्रीय उद्यानांनाही हे कलम लागू होते. म्हणजे अभयारण्यात वेफरची रिकामी पिशवी भिरकावणे हा केवळ असभ्यपणा नाही; तो वन्यजीव कायद्याखालील गुन्हा आहे. या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिने सर्वसाधारण गुन्ह्यांसाठीच्या दंडाची कमाल मर्यादा २५ हजार रुपयांवरून १ लाख रुपयांवर नेली. न्यायालयात न जाता अधिकृत वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे तडजोड करून जी रक्कम भरता येते, तिची कमाल मर्यादाही २५ हजारांवरून ५ लाखांवर गेली. महाराष्ट्रात याखेरीज मार्च २०१८ ची प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना आहे. तीत पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार आणि तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी चढती भाजणी आहे.

तेव्हा कागदावर दंड कमी आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. पुढचा प्रश्न असा की हा पैसा जातो कोठे? सर्वसाधारण नियम असा की शासनाकडे जमा होणारा महसूल, न्यायालयाने केलेल्या दंडासह, राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि विधिमंडळाच्या मंजुरीनेच त्यातून खर्च होतो. घटनेच्या २६६ व्या कलमाने ही व्यवस्था घालून दिली आहे. म्हणजे जंगलात भरलेला दंड जंगलातच परत येईल, अशी हमी त्यात नाही. कदाचित त्याच पैशातून एखादा पूल बांधला जाईल.

मात्र याला अपवाद आहेत. वन्यजीव कायद्यानेच न्यायालयाला असा अधिकार दिला आहे की गुन्हा उघडकीस आणण्यास मदत करणाऱ्याला दंडाच्या रकमेतून, जास्तीत जास्त निम्म्या रकमेपर्यंत, बक्षीस द्यावे. दुसरा अपवाद अधिक महत्त्वाचा. २००६ च्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली. पर्यटकांच्या प्रवेशशुल्कासारखे उत्पन्न या प्रतिष्ठानाकडे राहते आणि त्याच प्रकल्पासाठी खर्च करता येते. महाराष्ट्रात ताडोबा-अंधारी, मेळघाट, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर असे सहा व्याघ्र प्रकल्प आहेत. जंगलातला पैसा जंगलात ठेवण्याची वाट कायद्यात आहे. ती दंडाकरिता वापरावी की नाही एवढाच प्रश्न उरतो.

धाकाचे सूत्र

दंडाचा धाक कशावर अवलंबून असतो? दोन गोष्टींवर : दंड किती मोठा आहे आणि सापडण्याची शक्यता किती आहे. इटलीतील बेक्कारिया या विचारवंताने १७६४ सालीच लिहून ठेवले की शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची निश्चितता गुन्हा अधिक रोखते. पुढे १९६८ साली अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी या विचाराला गणिताचे रूप दिले. त्यांना १९९२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या मांडणीचा साधा गाभा असा :

जोखीम = दंडाची रक्कम × सापडण्याची शक्यता

दंड ५०० रुपये असेल आणि कचरा टाकणाऱ्या वीस जणांपैकी एकच सापडत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी सरासरी जोखीम २५ रुपये. आता दंड दहापट, म्हणजे ५,००० रुपये केला तर जोखीम २५० रुपये होईल. दंड तेवढाच ठेवून सापडण्याची शक्यता दहापट, म्हणजे दोनांत एक केली, तरीही जोखीम २५० रुपयेच होते. कागदावर दोन्ही मार्ग सारखे. प्रत्यक्षात तसे नाही. ‘मी थोडाच सापडणार?’ असे प्रत्येकाला वाटत असते. वीसांतील एक म्हणजे तो दुसराच कोणी, अशी मनाची समजूत असते. दोनांतील एक म्हटले की मात्र हात आखडतो. शिवाय क्वचितच कोणी सापडत असेल, तर मोठा दंड भरावा लागणाऱ्याला आपल्यावर अन्याय झाला असे वाटते आणि बाकीचे एकोणीस जण सुटल्याच्या आनंदात असतात.

टेकडीसारखी वक्ररेषा

आता मूळ सूचनेकडे येऊ. दंडातून पैसा किती उभा राहील? त्यासाठी एक काल्पनिक उद्यान घेऊ. पुढील आकडे हिशेब समजावा म्हणून मानलेले आहेत, कोणत्याही खऱ्या उद्यानाचे नाहीत. समजा, एका हंगामात १०,००० पर्यटक येतात. दंडच नसेल तर त्यांतील १,००० जण कचरा टाकतात. दर १०० रुपयांच्या दंडामागे कचरा टाकणारे २० जणांनी घटतात. टाकणाऱ्यांपैकी वीसांत एक सापडतो. मग तक्ता असा होईल :

दंड ५०० रु. : कचरा टाकणारे ९००, सापडलेले ४५, वसुली २२,५०० रु.
दंड १,००० रु. : कचरा टाकणारे ८००, सापडलेले ४०, वसुली ४०,००० रु.
दंड २,००० रु. : कचरा टाकणारे ६००, सापडलेले ३०, वसुली ६०,००० रु.
दंड २,५०० रु. : कचरा टाकणारे ५००, सापडलेले २५, वसुली ६२,५०० रु.
दंड ३,००० रु. : कचरा टाकणारे ४००, सापडलेले २०, वसुली ६०,००० रु.
दंड ४,००० रु. : कचरा टाकणारे २००, सापडलेले १०, वसुली ४०,००० रु.
दंड ५,००० रु. : कचरा टाकणारे ०, सापडलेले ०, वसुली ० रु.

आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर दंड आणि उभ्या अक्षावर वसुली घेऊन हे बिंदू जोडा. टेकडीसारखी वक्ररेषा मिळेल. ही आपल्या ओळखीची आहे. दगड फेकताना क्षितिजाशी होणारा कोन वाढवत नेला तर ४५ अंशांपर्यंत पल्ला वाढतो. त्यापुढे कोन वाढवला की पल्ला घटू लागतो आणि ९० अंशांवर दगड फेकणाऱ्याच्याच डोक्यावर येतो. एकाच गोष्टीच्या वाढीने दोन परस्परविरोधी परिणाम होत असले की अशी टेकडी तयार होते. येथे दंड वाढवला की प्रत्येकाकडून मिळणारी रक्कम वाढते, पण रक्कम देणाऱ्यांची संख्या घटते.

या टेकडीतून एक मोठी अडचण दिसते. तिजोरीला सर्वांत सोयीचा दंड २,५०० रुपयांचा. परंतु त्या वेळी ५०० जण अजून कचरा टाकत आहेत! जंगलाला सर्वांत सोयीचा दंड ५,००० रुपयांचा. त्या वेळी तिजोरीत एक पैसाही येत नाही. दंड यशस्वी झाला की निधी आटतो आणि निधी भरघोस आला तर समजावे की दंड अयशस्वी झाला. एकाच दंडाकडून धाक आणि उत्पन्न या दोन्हींची पुरती अपेक्षा ठेवता येत नाही. आपण मानलेले आकडे बदलले तर टेकडीचे शिखर डावी-उजवीकडे सरकेल, तिची उंची बदलेल. पण धाकाने कचरा टाकणारे घटत जाऊन शेवटी कोणीच उरत नसेल, तर शेवटच्या टोकाला वसुली शून्यावर येणे टळत नाही.

आता उंचीकडे पाहा. शिखरावरची वसुली ६२,५०० रुपये आहे. एका वनरक्षकाचा वर्षाचा पगार व भत्ते काही लाखांच्या घरात जातात. शिवाय गस्तीची जीप, इंधन, बिनतारी संदेशयंत्रे, जंगलातील चौक्या, रात्री आपोआप छायाचित्रे टिपणारे कॅमेरे हा खर्च वेगळाच. आपल्या उद्यानातील सगळा दंड गोळा करूनही एका माणसाचा पगार निघत नाही. मग याच पर्यटकांकडून दारातच माणशी २० रुपये संवर्धनशुल्क घेतले तर? १०,००० × २० = २,००,००० रुपये. दंडाच्या कमाल वसुलीच्या तिपटीहून अधिक! आणि ही रक्कम कोणी वाईट वागण्यावर अवलंबून नाही.

पहारेकऱ्याचा वेळ

हिशेबातील आणखी एक बाब पैशात दिसत नाही. वनरक्षकाचा दिवसही चोवीस तासांचाच असतो. तारेचे फास शोधून काढणे, विजेच्या तारा टाकून केलेली शिकार रोखणे, पाणवठ्यांत विष कालवले गेले नाही ना हे पाहणे, वणवा विझवणे ही त्याची खरी कामे. वनरक्षक आणि वनमजूर ती जिवाच्या जोखमीने करतात. अशा वनविभागाचे उत्पन्न दंडाच्या पावत्यांवर अवलंबून ठेवले तर काय होईल? रात्री फासे लावणारा शिकारी सापडणे अवघड, धोक्याचे आणि खटला वर्षानुवर्षे चालणारे. दुपारी जीपमध्ये बसून बाटली टाकणारा पर्यटक सापडणे सोपे आणि पावती हातोहात. पाणी जसे उताराकडे वाहते तसे लक्ष सोप्या कामाकडे वळेल. दंडाचा उद्देश होता पहारा बळकट करण्याचा. परिणाम होईल पहारा जंगलातून उठून फाटकाशी येण्याचा.

दंडाचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. महागड्या निवासात उतरलेल्या पर्यटकाला ५,००० रुपये म्हणजे एका रात्रीचे भाडेही नसेल. मोहफुले किंवा तेंदूपाने गोळा करायला आलेल्या बफर गावातील मजुराला तेच ५,००० रुपये म्हणजे कित्येक दिवसांची कमाई. रक्कम एकच असली तरी शिक्षा एकच नसते. गावकऱ्यांच्या सहकार्यावाचून कोणतेही जंगल राखले जात नाही. शिकाऱ्यांची पहिली खबर बहुधा त्यांच्याकडूनच येते. त्यांना दुखावून मिळवलेला दंड फार महागात पडेल.

दंड की भाडे?

माणसाचे मन नेहमीच सूत्राप्रमाणे चालत नाही, हे दाखवणारा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. इस्रायलमधील हैफा शहरात दहा पाळणाघरांत तो करण्यात आला आणि २००० साली प्रसिद्ध झाला. संध्याकाळी मुलांना न्यायला पालक उशिरा येत. काही आठवड्यांनंतर दहापैकी सहा पाळणाघरांत उशिरासाठी छोटासा दंड सुरू केला. अपेक्षा अशी की उशीर कमी होईल. झाले उलटेच. उशिरा येणाऱ्यांची संख्या वाढत जाऊन जवळपास दुप्पट झाली! पूर्वी शिक्षिकेला ताटकळत ठेवण्याची पालकांना लाज वाटे. आता पैसे भरले म्हणजे उशिरा येण्याचा हक्क मिळाला, असे त्यांना वाटू लागले. दंडाचे भाडे झाले. पुढे दंड रद्द केला तरी उशीर पूर्ववत कमी झाला नाही. एकदा गेलेली लाज परत आली नाही.

जंगलातील कचऱ्यालाही हे लागू पडते. ‘दंड भरला ना, त्यातूनच तुमचे वाघ वाचतात’, असे म्हणण्याची सोय कचरा टाकणाऱ्याला मिळाली तर दंड म्हणजे देणगी होऊन बसेल. दंडाचा पैसा सत्कार्याला लावण्याची कल्पना चांगली असली तरी तिची ही उलट बाजू विसरू नये.

इतरांनी काय केले?

सिंगापूरने १९६८ पासून स्वच्छतेची मोहीम हाती घेतली आणि कडक दंड बसवले. २०१४ मध्ये पहिल्या गुन्ह्याचा कमाल दंड १,००० वरून २,००० सिंगापूर डॉलरवर नेला. पण त्या देशाने केवळ पैशावर भिस्त ठेवली नाही. १९९२ पासून वारंवार कचरा टाकणाऱ्याला ठळक रंगाचे जाकीट घालून सार्वजनिक जागा झाडण्याचे काम दिले जाते. श्रीमंताला ही शिक्षा विकत घेऊन टाकता येत नाही.

इंग्लंडमध्ये कचरा टाकणाऱ्याला जागच्या जागी आकारता येणाऱ्या दंडाची कमाल मर्यादा जुलै २०२३ मध्ये १५० पौंडांवरून ५०० पौंड करण्यात आली. एप्रिल २०२४ पासून या दंडाचा पैसा सफाई आणि अंमलबजावणी यांसाठीच वापरण्याचे बंधन स्थानिक संस्थांवर आले. पैसा त्याच कामाकडे परत जावा हे तत्त्व येथे दिसते; पण तो कचऱ्याच्याच कामाला जातो, हे लक्षात ठेवावे.

वन्यजीवांसाठी बांधील निधीचे सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक अमेरिकेतील आहे. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसे यांवरील उत्पादनकराची रक्कम वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना वाटण्याचे ठरले. अट अशी की राज्याने शिकार-परवान्यांच्या शुल्काचा पैसा वन्यजीव खात्याखेरीज दुसरीकडे वळवू नये. येथे पैसा गुन्ह्यातून येत नाही, तर कायदेशीर विक्रीतून येतो. त्यामुळे लोक कायदा पाळू लागले म्हणून हा निधी आटत नाही.

सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र आपल्या शेजारचे आहे. तमिळनाडूतील निलगिरी जिल्हा म्हणजे हत्तींचा मुलूख. रिकाम्या दारूच्या बाटल्या रानात फेकल्या जात आणि त्यांच्या काचांनी हत्तींना व इतर प्राण्यांना जखमा होत. मद्रास उच्च न्यायालयाने याची दखल घेतली. त्या राज्यात अशी किरकोळ विक्री शासकीय महामंडळाकडेच आहे. मे २०२२ पासून निलगिरीत प्रत्येक बाटलीवर १० रुपये जादा घेऊन रिकामी बाटली आणून दिल्यावर ते परत देण्याची पद्धत सुरू झाली. बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या आणि पुढे ही योजना इतर जिल्ह्यांतही नेण्यात आली.

अनामतीचे बळ

दहा रुपयांनी हे कसे साधले? पुन्हा आपल्या सूत्राकडे वळू. अनामत रक्कम आधीच घेतलेली असते. बाटली फेकणाऱ्याला कोणी पाहो वा न पाहो, त्याचे पैसे गेलेच. म्हणजे सापडण्याची शक्यता पूर्ण एक झाली! आपल्या उद्यानाच्या फाटकावर प्रत्येक बाटलीवर खूणचिठ्ठी लावून ५० रुपये अनामत घेतली, तर जोखीम ५० × १ = ५० रुपये. वीसांत एक सापडत असताना हीच जोखीम निर्माण करण्यास १,००० रुपयांचा दंड लागेल. शंभरांत एक सापडत असेल तर ५,००० रुपयांचा. पन्नास रुपयांची अनामत पाच हजारांच्या दंडाची बरोबरी करते, तीही वनरक्षकाला झुडपाआड उभे न करता.

दुसरा फायदाही आहे. दहा हजारांपैकी ५०० बाटल्या परत आल्या नाहीत असे समजा. ५०० × ५० = २५,००० रुपये मागे राहिले. हीच रक्कम त्या ५०० बाटल्या शोधून आणणाऱ्या गावातील तरुणांना देता येईल. कचरा जितका उरेल तितकाच तो उचलण्याचा पैसाही उरतो. कचरा संपला तर पैशाची गरजही संपते. दंडाच्या निधीत जो विरोध आपल्याला आढळला, तो येथे नाहीसा होतो.

मग दंड वाढवावा की नाही?

दंड अनावश्यक आहे असा याचा अर्थ नाही. खाऊच्या पुड्यांवर, उरलेल्या अन्नावर अनामत घेता येत नाही. मुद्दाम वणव्याला कारण होणाऱ्याला किंवा पोते भरून कचरा आणून टाकणाऱ्या व्यावसायिकाला जबर दंडच हवा आणि पुन्हा पुन्हा तेच करणाऱ्याला चढता दंड हवा. परंतु आतापर्यंतच्या हिशेबावरून क्रम असा लागतो : प्रथम सापडण्याची शक्यता वाढवावी, मग दंड वाढवावा. जमा झालेला दंड जंगलातच राहावा, पण तो पाणवठ्यांची सफाई, खबर देणाऱ्यास बक्षीस, पहारेकऱ्यांसाठी बूट व विजेऱ्या अशा जादा गोष्टींसाठी. रोजचा पहारा मात्र अर्थसंकल्प आणि प्रवेशशुल्क यांसारख्या खात्रीच्या उत्पन्नावर चालला पाहिजे. दंड हे जेवणातील मीठ आहे. ते हवेच, पण त्यावर पोट भरत नाही.

ज्या वर्षी दंडाच्या पेटीत एकही रुपया पडणार नाही, ते वर्ष जंगलाच्या दृष्टीने सर्वांत भाग्याचे. त्याही वर्षी वनरक्षकाचा पगार वेळेवर झाला पाहिजे, अशीच व्यवस्था शहाणपणाची म्हणता येईल.

करून पाहा

१. गावाजवळचा किल्ला, टेकडी किंवा देवराई निवडा. शंभर पावले लांब आणि पाच पावले रुंद असा पट्टा आखून त्यातील कचरा मोजा. बाटल्या, पिशव्या, पुड्या, काच अशी वर्गवारी करा. यांपैकी किती वस्तूंवर अनामत घेता आली असती, त्याची टक्केवारी काढा. काच हाताने उचलू नका, शिक्षकांना दाखवा.

२. वरील तक्त्यात सापडण्याची शक्यता वीसांत एकऐवजी दहांत एक धरा. दर १०० रुपयांच्या दंडामागे आता ४० जण घटतात असे माना आणि नवा तक्ता करा. शिखर कोठे सरकले? त्याची उंची बदलली का? उत्तर पाहून पहाऱ्याविषयी काय निष्कर्ष निघतो, यावर वर्गात चर्चा करा.